अडणे आणि मोकळे होणे : प्रसूतिसंकटाची मराठी परिभाषा

प्रसूतीसंबंधीची मराठी बोली मुख्यतः दोन क्रियापदांभोवती फिरते. वेळ येऊनही मूल बाहेर येत नसेल तर ‘बाई अडली’ असे म्हणतात. मूल झाले की ती ‘मोकळी झाली’, तिची ‘सुटका झाली’. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात याच संकटाला ‘मूढगर्भ’ अशी संज्ञा आहे. तेथे वाट चुकतो तो गर्भ. मराठी बोलीने मात्र कर्ता बदलला. येथे अडते ती बाई. हा फरक केवळ व्याकरणाचा नव्हे. ‘अडणे’ या शब्दात देहाचे अडणे आहे, तसेच दुसऱ्याच्या मर्जीवाचून मार्ग न उरणेही आहे. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीची लोकप्रचलित उकलही एका जन्माशीच जोडलेली आहे : नवजात कृष्णाला घेऊन निघताना गाढव ओरडू नये म्हणून वसुदेवाने त्याचे पाय धरले, असे सांगतात.

गर्भारपण व बाळंतपण यांत स्त्रीच्या जिवावर बेतणारी संकटे वैद्यकाच्या दृष्टीने फार नाहीत. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढून येणारी आकडी, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही त्यांतील प्रमुख होत. वार पडल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही तर तेथील रक्तवाहिन्या उघड्याच राहतात, आणि मग धडधाकट स्त्रीदेखील दोन तासांच्या आत दगावू शकते. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर रक्त गेले की तो अतिरक्तस्राव, अशी वैद्यकाची रूढ मोजणी आहे. मराठी बोलीत याला ‘अंगावरून जाणे’ म्हणतात. पांढरे जाणे, मासिक पाळीचा स्राव आणि प्राणघातक रक्तस्राव या तिन्हींसाठी हा एकच सभ्य वाक्प्रचार वापरला जातो. लज्जेने घडवलेल्या या शब्दात मापाला जागा नाही. ‘जरा अंगावरून जाते आहे’ हे वाक्य ओटीवर बसलेल्या पुरुषापर्यंत पोहोचते तेव्हा त्याला नेमके काय समजावे?

‘मोकळी झाली’ हा शब्दही फसवा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत राणी व अभय बंग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९५-९६ मध्ये ७७२ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना कोणता ना कोणता विकार झाला होता. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी विकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, तर मूल झाल्यानंतरच्या काळात ते सुमारे ४३ टक्के भरले. भाषा ज्या क्षणी सुटका जाहीर करते, त्या क्षणानंतरच विकारांचा मोठा वाटा येतो. हा धोका केवळ आडगावचा नव्हे. अभिनेत्री स्मिता पाटील यांना २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत मुलगा झाला, आणि १३ डिसेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

लोकाचाराला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. पाचवी-सहावीच्या पूजा, सटवीचे भय, उशाशी ठेवलेले लोखंड, सव्वा महिन्याची बाळंतिणीची खोली, या साऱ्यांत त्या दिवसांच्या धोक्याची जाण दिसते. आधुनिक व्याख्येनुसार गर्भारपणी किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्याच कारणाने झालेला मृत्यू हा ‘मातामृत्यू’ होय. ही मुदत सव्वा महिन्याच्या किती जवळ येते! जाण होती, कारणमीमांसा मात्र भलतीकडे गेली. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीला कोकणात ‘अळवंत’ हे नाव मिळाले, अन्यत्र ती ‘हडळ’ झाली. जिला कोणी वाचवू शकले नाही तिचेच इतरांनी भय बाळगायचे, अशी ही उलटापालट आहे. मृत्यूला भुताचे नाव मिळाले की ‘सुईणीने हात धुतले होते काय, गाडी केव्हा जुंपली’ असले प्रश्न उरत नाहीत.

हे प्रश्न मराठी घरातून प्रथम वैद्यकाकडे नेणाऱ्यांत आनंदीबाई जोशी यांचे स्थान विशेष आहे. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा योग्य उपचारांअभावी दहा दिवसांत दगावला. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. चरित्रकारांनी आणि कादंबरीकारांनी गोपाळरावांच्या तऱ्हेवाईकपणावर जितकी शाई खर्च केली, तितकी या विषयनिवडीवर केली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

स्त्री नेमकी कोठे अडते, याचे उत्तर १९९४ मध्ये सेरीन थॅडिअस व डेबोरा मेन यांनी तीन विलंबांच्या रूपाने मांडले : घरी निर्णय घेण्यातला, वाटेतला आणि रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. हा तिसरा विलंब खेड्यांपुरता नाही. नोएडा हे १९७६ मध्ये वसवलेले नियोजित नगर. त्याचे नावही एका विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे. राजधानीला खेटून असलेल्या या नगरात रुग्णालयांची वाण नाही. तरीही ५ जून २०२० रोजी, महासाथीच्या काळात, नोएडा-गाझियाबाद सीमेवरील खोडा वस्तीतील आठ महिन्यांची गर्भवती स्त्री सुमारे तेरा तास एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवली गेली. श्वास घेणे तिला कठीण झाले होते. किमान आठ ठिकाणी तिला दाखल करून घेतले गेले नाही, आणि अखेर रुग्णवाहिकेतच तिचा अंत झाला. घरच्यांनी निर्णयाला विलंब केला नव्हता, वाहनही मिळाले होते. अडले ते दारात.

२०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण भारतात ९७, उत्तर प्रदेशात १६७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. महाराष्ट्राचा आकडा समाधान देणारा खरा. तथापि मार्च २०२५ मध्ये पुण्यात जुळ्यांची माता दगावली आणि प्रसूतीपूर्वी एका रुग्णालयाने मागितलेल्या अनामत रकमेवरून राज्यभर वाद उठला, तेव्हा सरासरीच्या आड काय राहते ते दिसले.

मातामृत्यूच्या अन्वेषणाची पद्धती केंद्र शासनाने २०१० मध्ये घालून दिली. तीत मृत स्त्रीच्या घरी जाऊन नातलगांना विचारायचे असते : त्रास केव्हा सुरू झाला, न्यायचे केव्हा ठरले, वाहन केव्हा मिळाले, कोणकोणत्या ठिकाणी नेले, तेथे काय केले. या उत्तरांतून मिळणारे निवेदन बहुधा सासूचे, नवऱ्याचे किंवा आईचे असते आणि ते बोलीतच असते. त्यातले ‘अंगावरून गेले’ हे शब्द ऐकून किती वस्त्रे भिजली, हे विचारण्याचे काम त्या ओटीवर बसलेल्या आरोग्यसेविकेचे.