कॉम्प्युटर बीजगणित तपासतो, तेव्हा पायऱ्यांचे गुण कुठे जातात?

इंदूर : स्नेहलतागंजमधलं मूल असो की बेळगावातलं, बारावीच्या वर्षी ते गणिताच्या दोन तऱ्हेच्या परीक्षा देतं. बोर्डाचा पेपर शिक्षक तपासतात आणि उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांना गुण देतात. जेईई मेनमध्ये तपासणारा कॉम्प्युटर असतो. तो फक्त शेवटचं उत्तर बघतो. पर्याय बरोबर असेल तर ४ गुण, चुकला तर १ वजा. २०२० पासून काही प्रश्नांत पर्यायच नसतात, आकडा टाइप करावा लागतो. पण तिथेही पायऱ्या कुणी विचारत नाही. (मराठी प्रश्नपत्रिका २०२१ पासून मिळते, तीही महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. इंदूरचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू.)

यात नुकसान कसं होतं ते बघा. गणित आहे ३(क्ष − २) = १२. मुलाने कंस सोडवताना ३क्ष − २ = १२ लिहिलं, मग ३क्ष = १४, मग क्ष = १४/३. खरं उत्तर ६. चूक एकच, कंसातली. पुढचं सगळं नीट. शिक्षक थोडे तरी गुण देतील, कॉम्प्युटर एकही देणार नाही. उलटही होतं. १६/६४ मधले वरचे-खालचे ६ खोडून कुणी १/४ लिहिलं तर रीत साफ चुकीची, पण उत्तर बरोबर. कॉम्प्युटर पूर्ण गुण देऊन मोकळा!

मग कॉम्प्युटरला पायऱ्या कळतच नाहीत का? कळू शकतात. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेली ‘स्टॅक’ नावाची मोफत प्रणाली मुलाच्या उत्तरातून शिक्षकाचं उत्तर वजा करते आणि बाकी शून्य येते का ते बघते. त्यामुळे २(क्ष + १) आणि २क्ष + २ तिला एकच वाटतात. पण एवढ्यावर भागत नाही. ‘क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडा’ म्हटल्यावर मुलाने प्रश्नच परत उतरवला, तरी बाकी शून्यच येणार! म्हणून (क्ष + २)(क्ष + ३) असं रूप आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. समीकरणाची प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी जुळते का, हेही बघता येतं. वरच्या गणितात पहिल्या ओळीचं उत्तर ६, पुढच्या तिन्हींचं १४/३. म्हणजे चूक पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये, हे लगेच सापडतं.

अडचण टाइप करण्याची आहे. १/२क्ष म्हणजे अर्धा क्ष की २क्ष ने भागलेला १? वहीत अपूर्णांकाची रेघ ओढली की प्रश्न मिटतो, कीबोर्डवर कंस आठवणीने टाकावे लागतात. शिवाय प्रत्येक प्रश्नात मुलं कुठे चुकतील, हे शिक्षकाने आधीच भरून ठेवावं लागतं. ते काम वेळखाऊ आहे.

‘ऑनलाइन तपासणी’ या शब्दाने मात्र फसू नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात निकाल रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं, तेव्हा उत्तरपत्रिका कॉम्प्युटर तपासत नव्हता. त्या स्कॅन करून पडद्यावर दाखवल्या जात होत्या, गुण प्राध्यापकच देत होते.

जेईई मेननंतर मुलाने दिलेली उत्तरं आणि उत्तरसूची वेबसाइटवर मिळतात. उत्तरसूची चुकली असं वाटलं तर प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून आक्षेप घेता येतो. पायऱ्यांवर आक्षेप घेण्याची सोय नाही. ज्या कच्च्या कागदावर त्या लिहिल्या, तो परीक्षेच्या खोलीतच जमा करून यावा लागतो.