भीमबेटका : चित्रांइतकीच मोलाची माती

भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, विंध्य पर्वताच्या दक्षिण कडेला, रानाने वेढलेल्या टेकड्यांत भीमबेटका हे प्रागैतिहासिक स्थळ आहे. येथील शैलाश्रयांतील, म्हणजे खडकांच्या नैसर्गिक आडोशांतील, चित्रे सर्वपरिचित आहेत. मात्र चित्रे पाहण्यात गुंतलेल्या पर्यटकाचे लक्ष पायाखालच्या मातीकडे सहसा जात नाही. आदिमानवाच्या वस्तीचा खरा दस्तऐवज या मातीतच आहे.

उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये ही चित्रे प्रकाशात आणली. रेल्वेप्रवासात दिसलेल्या खडकांच्या विलक्षण आकारांनी त्यांचे लक्ष वेधले, असे सांगितले जाते. पुढे या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रयांची नोंद झाली. त्यांपैकी २४३ भीमबेटका गटात आहेत.

१९७० च्या दशकात वाकणकरांप्रमाणेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी येथे उत्खनन केले. मिश्र यांनी खणलेल्या एका शैलाश्रयात सुमारे चार मीटर जाडीचे थर मिळाले. तळाशी पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडी व फरश्या, तर सर्वांत वर मध्याश्मयुगातील नखाएवढी गारगोटीची हत्यारे होती. खालच्या थरांत सपाट दगड बसवून केलेली जमीनही आढळली. एकाच छपराखाली हजारो पिढ्या नांदल्याचा हा पुरावा आहे. चित्रांचे वय ठरवणे कठीण असते. मध्याश्मयुगीन थरांत सापडलेले, घासून झिजलेले गेरूचे तुकडे त्या कामी मदत करतात. थर एकदा विस्कटले, की हा दुवा कायमचा तुटतो.

युनेस्कोने २००३ मध्ये या स्थळाला जागतिक वारसा दर्जा दिला, तेव्हा १,८९३ हेक्टरचा गाभा आणि त्याभोवती १०,२८० हेक्टरचे संरक्षक क्षेत्र निश्चित झाले. यातील बराचसा भाग रातापानीच्या जंगलाचा असून, २०२४ मध्ये रातापानी व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. झाडोरा उतारावरची माती धरून ठेवतो, धूळ अडवतो. अर्थात, रान नेहमीच उपकारक असते असे नाही. मुळे खडकांच्या भेगा रुंदावतात, मधमाश्या छतांना पोळी लावतात. अशाच एका जुन्या पोळ्याच्या खुणेला २०२१ मध्ये संशोधकांनी ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म ठरवले होते; २०२३ मध्ये तो दावा मागे पडला.

या संरक्षणात एक पेच मात्र आहे. भोवतालच्या २१ गावांतील परंपरांचे चित्रांतील जीवनाशी असलेले साम्य युनेस्कोने आवर्जून नोंदवले आहे. त्या परंपरा रानावर पोसल्या गेल्या. जंगलाचे नियम कडक होतात, तेव्हा प्रथम आकसते ती याच गावकऱ्यांची सरपणाची आणि मोहफुले वेचण्याची वहिवाट. वारशाच्या दर्जाला ज्यांच्या जीवनपद्धतीचा आधार घेतला, त्यांना रानात कितपत वाव द्यायचा, हा प्रश्न वन आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांना टाळता येणार नाही.