नुसत्या पाण्याचं शिखर

बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दोन महिन्यांसाठी देशभरातल्या प्रयोगशाळांमध्ये पाठवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा असाच स्वतंत्र उपक्रम आहे. एवढ्याशा काळात संशोधन ते काय होणार, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. पेपर निघाला की नाही हाच निकष लावला, तर तो बिनतोड आहे. पण बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये टायट्रेशनचं उत्तर शिक्षकांना आधीच ठाऊक असतं. रीडिंग जुळलं नाही तर चूक विद्यार्थ्याची, आणि जर्नलवर सही झाली की विषय संपला. ज्याचं उत्तर गाईडलाही माहीत नाही असं रीडिंग समोर येणं आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे स्वतः ठरवावं लागणं, हा अनुभव तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बहुधा येतच नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो स्पेक्ट्रोमीटरसमोर फार लवकर येतो.

फ्लुओरेसन्सचंच घ्या. क्वार्ट्झच्या क्युव्हेटच्या चारही बाजू पारदर्शक असतात, कारण प्रकाश एका बाजूने आत सोडून बाहेर पडणारा उजेड काटकोनात मोजायचा असतो. म्हणून क्युव्हेट वरच्या कडेलाच धरायचा, बोटाचा ठसासुद्धा उमटता कामा नये. समजा, अगदी विरल जलीय द्रावणावर ३५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडला आणि ३९७ च्या आसपास छोटंसं, सुबक शिखर दिसलं. नवख्याला वाटतं, रेणू सापडला. मग गाईड नुसतं पाणी लावून बघायला सांगतात, आणि शिखर जागच्या जागी! आता उत्तेजनाची तरंगलांबी ३२० केली की ते ३५९ च्या जवळ सरकतं. फ्लुओरेसन्सचं शिखर सहसा असं सरकत नाही. हे पाण्याचं रामन विकिरण आहे: येणाऱ्या प्रकाशाच्या ऊर्जेतून पाण्याचे रेणू दर वेळी सुमारे ३४०० प्रति सेंटिमीटर एवढा ठरावीक वाटा काढून घेतात, म्हणून शिखर उत्तेजनाच्या मागोमाग चालतं. हे वाचून कळतं, पण अंगवळणी पडतं ते आपलं शिखर असं हातचं गेल्यावरच. खुद्द या परिणामाचा शोधही याच शंकेतून गेला आहे. १९२३ मध्ये कोलकात्यात के. आर. रामनाथन यांना द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात रंग बदललेला मंद उजेड दिसला. तो अशुद्धीमुळे येणारा क्षीण फ्लुओरेसन्स असावा असा समज झाला, पण द्रव पुन्हापुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. १९२८ मध्ये रामन आणि कृष्णन यांनी त्याचा उलगडा केला. याच रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरूची अकादमी स्थापन केली.

दुसरा आक्षेप असा, की महागडं यंत्र विद्यार्थ्याच्या हाती कुणी देत नाही, तो काचसामान धुतो आणि ऑपरेटरने काढून दिलेला आलेख घेऊन येतो. असं होतं, आणि जिथे होतं तिथे ते दोन महिने वाया जातात. पण एनएमआरचा चुंबक ऑपरेटर सांभाळत असला, तरी नळीत काय भरायचं हे विद्यार्थीच ठरवतो. ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मची रेघ ७.२६ ला येणार, नीट न सुकवलेल्या नमुन्यातलं द्रावकही आलेखात उतरणार. कुठली रेघ आपल्या संयुगाची आणि कुठली आपल्या घाईची, हा निवाडा त्यालाच करावा लागतो, आणि त्यासाठी आठ आठवडे पुरतात.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अर्ज करायला आधी अशी योजना आहे हे कळावं लागतं, शिफारसपत्र देणारा शिक्षक लागतो, आपल्याला काय करायचंय ते इंग्रजीत मांडावं लागतं. तालुक्याच्या कॉलेजातली हुशार मुलगी इथेच मागे पडते. म्हणून या योजनेतला शिक्षकांचा वाटा मला विद्यार्थ्यांच्या वाट्याइतकाच मोलाचा वाटतो. विद्यार्थी दोन महिन्यांनी पुढच्या वाटेला लागतो, शिक्षक त्याच कॉलेजात परततो. नुसतं द्रावक लावून बघायची सवय साध्या कलरीमीटरवरही लावता येते, आणि पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलीला शिफारसपत्रही तोच देऊ शकतो. ग्रामीण महाविद्यालयांतल्या अशा शिक्षकांसाठी काही जागा राखून ठेवायला हव्यात.