डिझेल गाडीचा पिकअप वाढवायला मोठे इंजेक्टर टाकावेत का? आधी हे वाचा

जुहू-अंधेरीकडची एमएच-०२ पासिंगची सेकंडहँड डिझेल गाडी स्वस्तात मिळते. पण गावी आणल्यावर घाटात ती दमते. मग कुणीतरी सांगतं, "मोठे इंजेक्टर टाक, गाडी पळेल." खरंच पळते का?

इंजेक्टर ईसीयूच्या हुकमाने सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो. नुसतं डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली, तर ते पूर्ण जळत नाही. काळा धूर निघतो, टर्बो-पिस्टन तापतात, अ‍ॅव्हरेज पडतं.

फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन बघा. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ पीएस, तर एर्टिगात ९० पीएस. हा फरक पाडताना कंपनीने टर्बोच वेगळा दिला, ट्यूनिंगही बदललं.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ नोंदींशी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाल्यास विम्याचा क्लेमही अडू शकतो.

मग करायचं काय? आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे होज पाईप तपासा. नंतर पंप-नोझलवाल्याकडे इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. खराब निघाले तर कंपनीच्याच मापाचे टाका, आणि लागत असेल तर त्यांचा कोड ईसीयूत भरून घ्या. बऱ्याचदा गेलेला पिकअप एवढ्यानेच परत येतो.