उन्हाळी सुट्टीतील वाचन आणि ग्राफिक नॉव्हेल : निवड व शिफारशीचे काही प्रश्न

प्रस्तावना :

परीक्षा संपल्यानंतर महाविद्यालयीन ग्रंथालयातील वर्दळ ओसरते आणि विद्यार्थ्याच्या हातात प्रथमच असा काळ येतो, की ज्यात त्याने काय वाचावे हे अभ्यासक्रम ठरवीत नाही. अनेक प्राध्यापक या काळासाठी अवांतर वाचनाची यादी देतात. या याद्यांत कादंबऱ्या, चरित्रे, आत्मकथने, प्रवासवर्णने असतात. चित्रांच्या साहाय्याने सांगितलेले पुस्तक मात्र सहसा आढळत नाही. 'इंद्रजाल कॉमिक्स' (१९६४ ते १९९०) मधील वेताळ आणि अनंत पै यांनी १९६७ पासून घडविलेली 'अमर चित्र कथा' यांवर वाढलेल्या पिढीच्या मनात चित्रकथा म्हणजे बालवाङ्मय हे समीकरण घट्ट बसलेले आहे. बालपणी आवडीने वाचलेली गोष्ट प्रौढपणी गंभीरपणे घेण्याचा संकोच हेही त्यामागील एक कारण असावे. ग्राफिक नॉव्हेल या वाङ्मयप्रकाराची उन्हाळी वाचनासाठी शिफारस करताना कोणती पुस्तके निवडावीत, ती कशी वाचावयास सांगावीत आणि या शिफारशीत प्राध्यापकावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञा आणि स्वरूप :

'ग्राफिक नॉव्हेल' ही संज्ञा विल आयस्नर यांच्या १९७८ मधील 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' या पुस्तकामुळे प्रचारात आली. तिचा वापर त्यापूर्वीही, १९६४ पासून, होत होता. संज्ञा फारशी समाधानकारक नाही. या प्रकारातील बरीच श्रेष्ठ पुस्तके कादंबऱ्या नाहीतच. आर्ट स्पीगेलमन यांचे 'माऊस' हे चरित्र व आत्मचरित्र यांचे मिश्रण आहे, मर्जान सत्रापी यांचे 'पर्सेपोलिस' हे आत्मकथन आहे आणि जो सॅको यांचे 'पॅलेस्टाइन' हे वृत्तलेखन आहे. 'चित्रकादंबरी' हा मराठी पर्यायही त्याच कारणाने अपुरा पडतो. तरीही रूढ झालेली संज्ञा वापरण्यावाचून गत्यंतर नाही.

या पुस्तकांचे वाचन कसे घडते, याचे सर्वांत सुबोध विवेचन स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या ग्रंथात केले आहे आणि तो ग्रंथही चित्ररूपातच आहे. त्यांच्या मते या माध्यमाचे मर्म चौकटींत नसून दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत आहे. एका चौकटीत हात उगारलेला दिसतो, पुढच्या चौकटीत रात्रीचे शहर आणि एक किंकाळी. मधली घटना कोणीही काढलेली नसते. ती वाचकच मनात घडवितो. म्हणजेच चित्रे आयती मिळाल्याने वाचकाच्या कल्पनाशक्तीला काम उरत नाही, हा नेहमीचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. काम उरते, फक्त त्याची जागा बदलते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या संदर्भात पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ठाकर समाजाने जपलेल्या या परंपरेत पोथीतील चित्रे एकेक करून प्रेक्षकांसमोर धरली जातात आणि त्यांच्या आधाराने कथा गायिली जाते. परंतु हे साम्य ताणू नये. चित्रकथीतील चित्र कथेकऱ्याच्या वाणीवाचून पूर्ण होत नाही आणि ते समूहाने पाहावयाचे असते. ग्राफिक नॉव्हेल एकट्याने, स्वतःच्या गतीने, मागेपुढे पाने उलटत वाचावयाचे असते. 'आमच्याकडे हे पूर्वीपासूनच होते' या समाधानापेक्षा हा फरक वर्गात समजावून देणे अधिक उपयुक्त ठरेल.

निवड : मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाचे जग

शिफारशीचा प्रारंभ कोठून करावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य समीक्षेने मान्य केलेली पुस्तके प्रथम देण्याची प्रथा आहे. मराठी विद्यार्थ्यासाठी मात्र 'भीमायन' (२०११) हाच योग्य प्रारंभ होय. नवयान प्रकाशनाच्या या पुस्तकाची संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची असून चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनातील प्रसंग हा त्याचा गाभा आहे : साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या मुलांना मसूर स्थानकापासून पुढे आलेला अनुभव, बडोद्यात राहण्यास जागा न मिळणे, चाळीसगावचा टांग्याचा अपघात, दौलताबादच्या किल्ल्यावरील पाण्याचा प्रसंग. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत हे प्रसंग गुंफले आहेत.

हे प्रसंग महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने भाषणांतून व पाठ्यपुस्तकांतून अनेकदा ऐकलेले असतात आणि पुष्कळदा ऐकलेल्या गोष्टीची धार बोथट होते. 'भीमायन'मध्ये ती परत येते, याचे श्रेय चित्रांच्या व्याकरणाला द्यावे लागेल. व्याम दांपत्याने कथेला चौकोनी चौकटींत कोंडणे नाकारले आहे. घराच्या भिंती व जमीन सजविणाऱ्या दिग्ना या पारंपरिक आकृतिबंधातून त्यांनी पानाची विभागणी साधली आहे. संवादाचे फुगेही वेगळे आहेत. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला डोळा असतो. टांगेवाल्याचे वा कारकुनाचे वाक्य वाचण्यापूर्वीच ते डंख मारणार आहे हे वाचकाला दिसते. जातीय अवमान हा केवळ आशयात नसतो, तो स्वरात असतो, हे गद्याला सांगावे लागते; येथे ते दाखविले आहे. शिवाय कथेची चौकट वर्तमानातील आहे. बसथांब्यावर आरक्षणाविषयी तक्रार करणाऱ्या तरुणाला एक स्त्री ही कथा सांगते आणि त्या संभाषणात २००६ मधील खैरलांजीचा संदर्भ येतो. वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असलेला, पण उघडपणे न विचारलेला प्रश्न तो तरुण विचारतो. हे पुस्तक सुट्टीत वाचावयास देण्याचे हे एकच कारणही पुरेसे ठरावे.

मूळ लेखन महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या लेखन व भाषणांच्या १२ व्या खंडात समाविष्ट आहे. हा खंड ज्या ग्रंथालयात असेल तेथे मूळ मजकूर व चित्ररूप शेजारी ठेवून वाचण्याची सूचना अवश्य द्यावी. काय गाळले, काय वाढविले, कोणत्या प्रसंगाला किती पाने दिली, हे पाहणे म्हणजे रूपांतराच्या अभ्यासाचा पहिला धडा होय. याच प्रकाशनाचे 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११) हे श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनान यांचे पुस्तक महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) वर आधारलेले आहे. फुले यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केला होता. तो धागा या पुस्तकात पुढे नेला आहे. चित्रांच्या दृष्टीने ते 'भीमायन'च्या तोडीचे नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते अधिक उपयोगी पडेल.

दुसरे पुस्तक ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४). भारतातील पहिले ग्राफिक नॉव्हेल म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. नर्मदा खोऱ्यातील धरणाला असलेला विरोध हा त्याचा विषय. शहरातून आलेल्या तरुण वार्ताहराचा शोध आणि आदिवासी गायकाने सांगितलेली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा हे दोन प्रवाह त्यात शेजारी शेजारी वाहतात आणि दोहोंची रेखाटनशैली भिन्न ठेवलेली आहे. कल्पवृक्ष या पर्यावरणविषयक संस्थेने प्रकाशित केलेले हे छोटेखानी पुस्तक दीर्घकाळ दुर्मीळ होते. २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने त्याची नवी आवृत्ती काढली. सरदार सरोवरामुळे मणिबेलीसह अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली आहेत. त्यामुळे नंदुरबार परिसरातील महाविद्यालयांत पर्यावरणशास्त्र हा विषय शिकविणाऱ्यांना या पुस्तकाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. ते तटस्थ नाही, आंदोलनाच्या बाजूचे आहे. विद्यार्थ्याला हे आधी सांगावे आणि मग वाचू द्यावे.

भारतीय पुस्तकांपैकी सारनाथ बॅनर्जी यांचे 'कॉरिडॉर' (२००४), विश्वज्योती घोष यांचे आणीबाणीवरील 'दिल्ली काम' (२०१०) आणि मलिक सजाद यांचे 'मुन्नू' (२०१५) यांचाही विचार करता येईल. पुण्यात जन्मलेल्या व गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांचे 'कारी' (२००८) महानगरातील एकटेपण व दोन स्त्रियांमधील प्रेम यांविषयी आहे. ते पदव्युत्तर वर्गास सुचविणे अधिक उचित ठरेल.

निवड : बाहेरचे जग

'माऊस'चे दोन खंड १९८६ व १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९२ मध्ये त्यास पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची कहाणी मुलगा त्यांच्याच तोंडून ऐकतो व रेखाटतो. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरे, पोलिश म्हणजे डुकरे ही योजना प्रथमदर्शनी ढोबळ वाटते. परंतु पोलिश असल्याची बतावणी करणारा ज्यू डुकराचा मुखवटा चढवितो आणि त्या मुखवट्याची दोरी वाचकाला दिसत राहते. पुढे लेखक स्वतःलाही उंदराचा मुखवटा घातलेला माणूस म्हणून काढतो. माणसाला वंशाने ओळखण्याची कल्पनाच मुळी कशी उसनी आहे, हे त्या दोरीने सुचविले आहे. इराणमधील १९७९ च्या क्रांतीनंतरचे बालपण सांगणारे 'पर्सेपोलिस' (मूळ फ्रेंच, २००० ते २००३) तुलनेने सोपे व विनोदाने भरलेले आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी ते अधिक बरे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिलेले जॉन लुईस यांचे नागरी हक्क चळवळीवरील तीन भागांतील 'मार्च' (२०१३ ते २०१६) द्यावे. त्याच्या तिसऱ्या भागास २०१६ चा नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळाला. आणि माध्यमाविषयी साशंक असलेल्या सहकाऱ्यास निक सुसानिस यांचे 'अनफ्लॅटनिंग' दाखवावे. तो मुळात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजला चित्ररूपात सादर केलेला डॉक्टरेटचा प्रबंध असून २०१५ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो प्रसिद्ध केला.

शिफारशीतील अडचणी :

उन्हाळी वाचनासाठी ग्राफिक नॉव्हेल नेमल्यावर काय घडू शकते, याची दोन उदाहरणे अमेरिकेत घडली आहेत. ॲलिसन बेक्डेल यांचे 'फन होम' (२००६) हे वडिलांचा मृत्यू व समलैंगिकता यांविषयीचे आत्मकथन दक्षिण कॅरोलिनातील कॉलेज ऑफ चार्ल्सटनने २०१३ मध्ये नवागत विद्यार्थ्यांसाठी निवडले. २०१४ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाने महाविद्यालयाच्या अनुदानातून या उपक्रमाच्या खर्चाइतकी, म्हणजे ५२,००० डॉलर्सची कपात प्रस्तावित केली. अखेरीस रक्कम परत मिळाली, पण ती राज्यघटनेसारख्या संस्थापक दस्तऐवजांच्या अध्यापनावर खर्च करावी अशी अट आली. २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठाने तेच पुस्तक सुट्टीसाठी सुचविले, तेव्हा काही नवागतांनी ते वाचण्यास नकार दिला. त्यांपैकी एका विद्यार्थ्याचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. त्याचा आक्षेप विषयाला नव्हता, चित्रांना होता. हाच आशय केवळ शब्दांत असता तर आपण वाचला असता, असे त्याने मांडले. 'माऊस'लाही २०२२ मध्ये टेनेसीतील एका शाळा मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून वगळले. कारणांत काही अपशब्द आणि एक लहानसे नग्न चित्र होते.

येथे प्राध्यापकाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शब्दातील प्रसंग वाचक आपल्या सोसण्याइतकाच डोळ्यांपुढे आणतो. चित्र ही मोकळीक देत नाही. आपल्याकडील घरांत तर सुट्टीत पुस्तक वडीलधाऱ्यांच्याही हाती पडते आणि ते प्रथम चाळले जाते, वाचले जात नाही. संदर्भावाचून उघडलेले एखादे पान विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, अडचणीत आणू शकते. म्हणून पुस्तक टाळावे असे नव्हे. ज्याचे प्रत्येक पान स्वतः पाहिले नाही, असे पुस्तक सुचवू नये आणि त्यात काय आहे ते विद्यार्थ्याला अगोदर सांगून पर्याय द्यावा, एवढाच याचा अर्थ. परीक्षणांवर विसंबून यादी करणे अन्य पुस्तकांच्या बाबतीत खपून जाते. या बाबतीत ते खपत नाही.

दुसरी अडचण भाषेची. यांतील बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि 'चित्रे असल्याने इंग्रजी सोपे जाते' म्हणून ती ग्रामीण विद्यार्थ्याला द्यावीत, असे सुचविले जाते. हे अर्धेच खरे आहे. कोण बोलतो, कोठे, कोणत्या भावनेने, हे चित्रातून कळत असल्याने प्रत्येक शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही, हा लाभ निश्चित. पण 'फन होम' हे जॉइस व प्रूस्त यांच्या संदर्भांनी भरलेले आहे आणि सॅको यांची पाने मजकुराने दाटलेली असतात. पाने भराभर उलटली जातात म्हणून पुस्तक वाचून झाले असे होत नाही. विद्यार्थ्यास ते दोनदा वाचण्यास सांगावे : प्रथम कथेसाठी, नंतर केवळ चित्रांसाठी. सोबत एखादे आवडलेले पान निवडून त्यातील चौकटींची संख्या, आकार व रिकाम्या जागा यांविषयी अर्धे पान मराठीत लिहावयास सांगितले, तर जूनमधील चर्चेला आधार मिळतो. सारांश मात्र मागू नये; तो आंतरजालावर तयार मिळतो.

उरतो प्रश्न ग्रंथालयाचा. ड्युई वर्गीकरणात ही पुस्तके ७४१.५ या क्रमांकाखाली, म्हणजे चित्रकलेच्या कपाटात जातात, किंवा एखाद्या ठिकाणी बालवाङ्मयात. वाङ्मयाच्या वा इतिहासाच्या विद्यार्थ्याची पावले तिकडे वळत नाहीत. क्रमांक बदलण्याची आवश्यकता नाही. एप्रिल महिन्यात ती दर्शनी मांडणीवर ठेवावीत आणि सुट्टीसाठी देवघेवीची मुदत वाढवावी, एवढी विनंती ग्रंथपालांना करता येते. रंगीत छपाईमुळे किमती अधिक असतात. तेव्हा दहा पुस्तकांची प्रत्येकी एक प्रत घेण्यापेक्षा 'भीमायन'च्या पाच प्रती घेणे हितावह, कारण चर्चेसाठी एकच पुस्तक अनेकांनी वाचलेले असावे लागते. ही मागणी ग्रंथालय समितीच्या फेब्रुवारीतील बैठकीपूर्वी पोहोचली, तर प्रती परीक्षेच्या सुमारास हाती येतात.