विश्लेषण : उटीच्या वाटेवर ई-पास का? पावणेदोनशे वर्षांची बाग काय सांगते?

मे महिन्यात उटीच्या सरकारी वनस्पती उद्यानात पुष्पप्रदर्शन भरते. २०२५ मध्ये ते १२७ वे होते. त्याच मोसमात निलगिरी जिल्ह्यात शिरणाऱ्या पर्यटक वाहनांच्या संख्येवर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मर्यादा आली. म्हैसूर-उटीची सहल मराठी कुटुंबांच्या सवयीची. त्यामुळे ही बाग तिथे कशी उभी राहिली, तिच्यात काय पाहावे आणि डोंगरावर पाहुण्यांची मोजदाद करण्याची वेळ का आली, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

बाग एवढी थंड का?

उत्तर उंचीत आहे. तमिळनाडूतील दोड्डबेट्टा शिखर २,६३७ मीटर उंच आहे. त्याच्या उतारावर साधारण २,२५० ते २,५०० मीटरच्या दरम्यान सुमारे २२ हेक्टरवर हे उद्यान पसरले आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे या बागेचे प्रवेशद्वारच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सुमारे सहाशे मीटर वर आहे. दर हजार मीटर चढले की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे पायथ्याशी घाम निथळत असताना इथे स्वेटर लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हिरवळीवर हिमकण साचतात. आंबा किंवा नारळ इथे तग धरणार नाही. पण ओक, पाइन, कॅमेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि नेचे आनंदाने वाढतात.

ती कोणी आणि कशासाठी उभारली?

सुरुवात भाजीपाल्यापासून झाली. उटीत राहणाऱ्या युरोपीय लोकांना रास्त दरात भाजी हवी होती. १८४० च्या दशकात त्यांनी महिना तीन रुपये वर्गणी काढून मळा केला, पण तो फार टिकला नाही. पुढे मद्रास प्रांताचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांच्या काळात सार्वजनिक बागेची कल्पना पुढे आली आणि लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर १८४८ मध्ये उटीत दाखल झाले. जंगल आणि दलदल असलेल्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची बाग आखण्यात त्यांची सुमारे दहा वर्षे गेली.

हेतू केवळ शोभेचा नव्हता. परदेशातील कोणती झाडे या डोंगरावर रुजतील, त्यातली कोणती फायद्याची, याची ती प्रयोगशाळा होती. १८६० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपे निलगिरीत आली. त्याच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनाइन मिळते. लागवडीची जबाबदारी मॅकआयव्हर यांच्याकडे होती. झाड न तोडता सालीच्या पट्ट्या काढायच्या आणि उघडे पडलेले खोड शेवाळाने झाकायचे, म्हणजे साल पुन्हा येते, ही पद्धत त्यांनी रूढ केली.

बागेत पाहावे काय?

खालच्या भागात विस्तीर्ण हिरवळ आहे. बहुतेक पर्यटक तिथेच फोटो काढून परततात. वर चढत गेले की इटालियन पद्धतीचे वाफे, काचगृहे, नेच्यांचा संग्रह आणि रोपवाटिका लागतात. बुचाचे झाड, कागदासारखी साल सुटणारे झाड आणि माकडांनाही चढता येत नाही अशी ख्याती असलेले ‘मंकी पझल’ ही इथली नावाजलेली झाडे. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे म्हणून दाखवले जाणारे अश्मीभूत खोडही इथेच आहे. अगदी वरच्या टोकाला टोडा समाजाची वस्ती आहे. तिला ‘मुंद’ म्हणतात. म्हशी पाळणारा हा समाज मॅकआयव्हर येण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांवर राहतो. वस्ती हे कोणाचे तरी घर आहे, प्रदर्शन नव्हे. तेथे विचारूनच जावे आणि विचारूनच कॅमेरा काढावा.

निलगिरीचे झाड निलगिरीचे नाही?

नाही. सर्दी झाली की मराठी घरांत ज्याचे तेल रुमालावर टाकतात, त्या झाडाला आपण या डोंगराचेच नाव दिले. पण ते मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे. एकोणिसाव्या शतकात जळणासाठी ते इथे लावले गेले. कातडे कमावण्यासाठी लागणारी साल देणारे वॅटल हेही तिकडचेच. बागेत नमुना म्हणून एखादे झाड असणे वेगळे आणि डोंगरच्या डोंगर त्याने भरून जाणे वेगळे. स्वातंत्र्यानंतरही ही लागवड वाढत राहिली आणि वॅटल तर आपोआप पसरत गेले.

गेले ते काय? या डोंगरांचे मूळ रूप म्हणजे माथ्यावर व उतारांवर गवताळ माळ आणि घळींमध्ये ‘शोला’ नावाची बुटकी, दाट सदाहरित राने. थंडीत उघड्यावर पडणारे हिम शोलाची कोवळी रोपे मारते, म्हणून ही राने घळीत आणि गवत बाहेर, अशी विभागणी टिकते असे अभ्यासक मानतात. पावसाचे पाणी हे गवत आणि शोला मिळून जिरवतात व पुढे महिनोन् महिने झऱ्यांतून सोडतात. तेच भवानी आणि मोयार नद्यांमार्गे कावेरीला मिळते. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजीही याच माळांवरची. २०१८ नंतर तिचा पुढचा मोठा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. माळ उरला तरच तो दिसेल.

ई-पास कशासाठी?

मोसमात दिवसाला सुमारे २० हजार वाहने निलगिरीत येतात, अशी आकडेवारी उच्च न्यायालयासमोर आली. अरुंद घाटरस्ते, हत्तींच्या वाटा, मर्यादित पाणी आणि वाढता कचरा यांचा विचार करून न्यायालयाने ७ मे २०२४ पासून ई-पास सक्तीचा केला. डोंगराची वहनक्षमता ठरवण्याचा अभ्यास आयआयटी मद्रास आणि आयआयएम बेंगळूरु यांच्याकडे सोपवला. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळासाठी निलगिरीत कामाच्या दिवशी ६ हजार आणि शनिवार-रविवारी ८ हजार पर्यटक वाहनांची मर्यादा घातली. त्याविरोधात स्थानिक व्यापाऱ्यांनी बंद पाळला. हॉटेल, टॅक्सी, चहा-चॉकलेटची दुकाने यांची वर्षाची कमाई याच तीन महिन्यांवर असते, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. पण पाणी आटले आणि घाट तुंबला, तर तो मोसमही राहणार नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी काय करावे?

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर निघण्यापूर्वी ई-पास काढावा आणि त्या वेळचे नियम तपासावेत. सार्वजनिक बस आणि रेल्वेने जाणाऱ्यांना पास लागत नाही. कोइम्बतूरपर्यंत रेल्वे, तिथून मेट्टुपालयम आणि पुढे ४६ किलोमीटरची दातेरी रुळांची डोंगरी गाडी, हा मार्ग सोयीचा. १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचलेली ही गाडी २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिचे आरक्षण मात्र लवकर भरते. म्हैसूरकडून जाताना बंडीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, हे ध्यानात ठेवावे. जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर आणि पाण्याच्या छोट्या बाटल्यांवर बंदी आहे, म्हणून घरची बाटली सोबत हवी.

गर्दी टाळायची तर पुष्पप्रदर्शनाचा आठवडा सोडून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या बहराला जाता येते. बाग उघडताच आत शिरून आधी वरचा भाग पाहावा आणि हिरवळ शेवटी ठेवावी. उतार चढायचा असल्याने पायात घसरणार नाहीत असे बूट हवेत आणि किमान अडीच-तीन तास हाताशी हवेत. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी दगदग टाळावी. एवढ्या उंचीवर काहींना चढताना दम लागतो.