शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची, काळजी दोन आठवड्यांची

साकोलीच्या धानपट्ट्यात वाढलेल्या मुलामुलींना सांड आणि बैल यांतला फरक सांगावा लागत नाही. दोघेही लहानपणी गोऱ्हेच असतात. ज्याचे खच्चीकरण होते तो नांगराला जुंपता येतो. ज्याचे होत नाही त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. मान, वशिंड आणि स्वभाव या सर्वांत फरक पडतो. आणि हे सारे घडते ते दोन वृषण निकामी केल्यामुळे. असे का व्हावे?

या कोड्याची पहिली उकल १८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड या शास्त्रज्ञाने केली. त्याने काही तरुण कोंबड्यांचे वृषण काढून टाकले. त्यांचे तुरे खुरटले, आरवणे आणि झुंजणे थांबले. दुसऱ्या काही कोंबड्यांच्या पोटात मात्र त्याने वृषण पुन्हा भलत्याच जागी बसवला. त्याचा मूळच्या मज्जातंतूंशी संबंध तुटलेला होता. तरीही ते कोंबडे इतर नरांसारखेच वाढले. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत असले पाहिजे आणि रक्तावाटे शरीरभर पोहोचत असले पाहिजे. ते ‘काहीतरी’ म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक. १९३५ साली ते वृषणांपासून शुद्ध रूपात मिळवण्यात आले.

कुत्र्याच्या खच्चीकरणातही हेच दोन वृषण काढून टाकतात. बोलताना आपण याला ‘नसबंदी’ म्हणतो, पण ते तितकेसे बरोबर नाही. माणसातील पुरुष नसबंदीत फक्त शुक्रवाहिन्या कापून बांधतात. वृषण जागेवरच राहतात आणि संप्रेरकही तयार होत राहते. कुत्र्यात वृषणच काढल्याने शुक्रपेशी आणि संप्रेरक या दोन्हींचा मुख्य उगम बंद होतो.

हे करायचे कशासाठी?

समजा, तुमच्या घरी मोती नावाचा चार किलो वजनाचा पॉमेरेनियन नर आहे. आसपास एखादी कुत्री माजावर आली, की तिचा वास त्याला बऱ्याच अंतरावरून लागतो. मग तो जेवण सोडतो, संधी साधून बाहेर पळतो. साकोलीतून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. धुंदीत पळणाऱ्या लहान कुत्र्याला ट्रक दिसत नाही. मोठ्या कुत्र्यांच्या भांडणात सापडला, तर एका चाव्यात त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय कुत्र्यांत एक विलक्षण कर्करोग आढळतो. त्याच्या पेशीच समागमाच्या वेळी एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि तेथे वाढू लागतात. भारतातील मोकाट कुत्र्यांत तो बराच आढळतो. खच्चीकरणाने हे धोके कमी होतात, वृषणाचा कर्करोग तर होऊच शकत नाही, आणि नको असलेली पिले जन्माला येत नाहीत.

खच्चीकरणाच्या वयाचा निर्णय मात्र पशुवैद्यावर सोपवावा. लहान जातींत ते सामान्यतः सहा महिन्यांनंतर करतात. मोठ्या जातींत हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबणे अनेकदा हिताचे असते.

लहान शरीराचा हिशेब

मोतीचे शरीर लहान आहे, आणि शस्त्रक्रियेच्या बाबतीत ही साधी गोष्ट फार महत्त्वाची ठरते. त्याची तुलना ३२ किलोच्या कुत्र्याशी करू.

पहिला हिशेब औषधाचा. भुलीचे औषध वजनावर ठरते. वजनाच्या अंदाजात एक किलोची चूक झाली, तर ३२ किलोच्या कुत्र्यात ती सुमारे ३ टक्के होते. मोतीच्या बाबतीत ती २५ टक्के होते!

दुसरा हिशेब रक्ताचा. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८५ ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे मोतीचे सगळे रक्त साधारण ३५० मिलिलिटर. दहा चमचे, म्हणजे ५० मिलिलिटर रक्त गेले, तर मोठ्या कुत्र्याला ते फारसे जाणवणार नाही. मोतीच्या रक्ताचा मात्र सातवा हिस्सा गेलेला असेल.

तिसरा हिशेब उष्णतेचा. दोन्ही कुत्र्यांचा आकार सारखाच मानला, तर वजन आठपट होण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट व्हावी लागते. त्या वेळी पृष्ठभाग होतो चौपट. म्हणजे दर किलो वजनामागे मोतीचा पृष्ठभाग मोठ्या कुत्र्याच्या दुप्पट आहे. उष्णता पृष्ठभागातूनच बाहेर जाते, म्हणून मोती लवकर थंड पडतो. गरम भाताची मूद ताटात पसरली की लवकर निवते, ती याच कारणाने.

पुढच्या बहुतेक सूचना या तीन हिशेबांतूनच निघतात.

आधीची तयारी

काही आठवडे आधी मोतीला डॉक्टरांकडे नेऊन तपासून घ्यावे. दोन्ही वृषण पिशवीत उतरले आहेत का, हे ते पाहतात. एखादा पोटातच अडकला असेल, तर शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी होते. रेबीज, डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लशी पूर्ण असाव्यात आणि जंताचे औषध दिलेले असावे. खच्चीकरणाने रेबीज टळत नाही. त्याला लसच हवी. नागझिऱ्याच्या जंगलाजवळ राहणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण डिस्टेंपरसारखे रोग पाळीव कुत्र्यांकडून वन्य मांसाहारी प्राण्यांत पसरू शकतात.

गोचिडांकडेही लक्ष हवे. गोचिडांमुळे होणाऱ्या काही तापांत रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी होतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, पण चीर दिल्यावर रक्त थांबत नाही. दुसरा हिशेब आठवा. म्हणून आधी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

ऋतूही पाहावा. मे महिन्यातील कडक ऊन आणि रोवणीच्या दिवसांतील चिखल व माश्या टाळून हिवाळ्यातील सकाळ निवडता आली तर उत्तम.

आदल्या दिवशी वजन करावे. कुत्रा काट्यावर स्थिर राहत नसेल, तर त्याला घेऊन आपण उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. हा काटा निदान शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. पण भुलीची मात्रा दवाखान्यातल्या वजनावरच ठरू द्यावी.

रिकाम्या पोटी का न्यायचे? भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया मंदावते. पोटातले अन्न वर आले, तर ते श्वासनलिकेत शिरू शकते. वाढ झालेल्या कुत्र्याला साधारणतः ८ ते १२ तास उपाशी ठेवतात. पण अगदी लहान कुत्र्याच्या किंवा पिलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो. फार वेळ उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरून ते गळून जाते. म्हणून त्यांचा उपास डॉक्टर कमी करतात, कित्येकदा ४ ते ६ तासांवर आणतात. हे तास डॉक्टरांनाच विचारावेत आणि तंतोतंत पाळावेत. पाणी केव्हा बंद करायचे तेही विचारावे.

शस्त्रक्रिया नागपूरला करायची असेल, तर प्रवास हिशेबात धरावा. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक आहे. साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे. उपासाचे तास घरून निघण्यापासून नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या वेळेपासून मागे मोजावेत. परतीची घाई करू नये. कुत्रा नीट शुद्धीवर येऊन उभा राहिला, की मगच निघावे.

टेबलावर काय घडते?

भूल दिल्यावर केस कापून कातडी निर्जंतुक करतात. वृषणाच्या पिशवीच्या थोडे पुढे लहानशी चीर देतात. तिच्यातून एकेक वृषण बाहेर घेऊन त्याची रक्तवाहिनी व शुक्रवाहिनी घट्ट बांधतात, मग कापतात आणि टाके घालतात. सामान्यतः हे सारे अर्ध्या तासात आटोपते. येथून पुढचे काम घरच्यांचे.

पहिली रात्र

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. भुलीत अंगाला थरथर सुटत नाही, म्हणून शरीर स्वतःला ऊब देऊ शकत नाही. मोतीला वारा न लागणाऱ्या खोलीत, जमिनीवरच, धुतलेल्या सुती कापडावर कुशीवर निजवावे. तणस पसरू नये; तिचे तुकडे टोचतात आणि जखमेला चिकटतात. गरम पाण्याची बाटली द्यायची तर कापडात गुंडाळून द्यावी, कारण गुंगीतला कुत्रा चटका बसला तरी बाजूला होत नाही.

पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी द्यावे. ते पोटात टिकले, तर थोडा मऊ भात द्यावा. ओळखीचा कुत्राही गुंगीत किंवा वेदनेत चावू शकतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे.

हिरड्या पाहायला शिका. त्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली, तर रक्ताभिसरण ठीक आहे असे समजावे.

पुढचे दहा ते चौदा दिवस

‘कुत्रा चाटूनच जखम बरी करतो’ असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्या तोंडात असंख्य जीवाणू असतात आणि खरखरीत जीभ टाके उसवते. म्हणून गळ्यात शंकूसारखी पट्टी घालतात. ती तयार मिळाली नाही, तर जाड पुठ्ठ्याची करता येते. तिची कड नाकाच्या थोडी पुढे यावी, आणि गळ्यापाशी दोन बोटे शिरतील एवढी सैल असावी. ती घालूनही खातापिता येते ना, हे पाहावे.

जखमेवर हळद, चुना किंवा तेल लावू नये. जखम कोरडी आणि उघडीच बरी होते. अंघोळ नको, धानाच्या बांधीतला चिखल नको. माशी बसली तर अळ्या पडू शकतात. फिरवायला नेताना साखळी हवीच. उड्या मारल्या की टाक्यांवर ताण येतो.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. चार किलोच्या जिवाला माणसाची एक गोळी म्हणजे केवढी मात्रा होईल, हे आता तुम्हीच काढा.

हिरड्या फिकट पडणे, रक्त ठिबकत राहणे, सूज वाढत जाणे, पू किंवा दुर्गंधी येणे, वारंवार उलट्या होणे, लघवी न होणे, दुसऱ्या दिवशीही न खाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

आणखी एक गोष्ट. वृषण गेले तरी नलिकांत उरलेल्या शुक्रपेशी काही आठवडे टिकतात. म्हणून महिना-दीड महिना मोतीला माजावरच्या कुत्रीपासून दूरच ठेवावे. त्याचा स्वभावही एका रात्रीत बदलत नाही, आणि राखण करणे तर तो सोडतच नाही. घराची राखण हा मुख्यतः सवयीचा आणि जिव्हाळ्याचा भाग आहे. मात्र शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते. खाणे मोजून कमी केले नाही, तर तो लठ्ठ होतो.

तुम्ही काय कराल?

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीपासून एक तक्ता करा. रोज एकाच वेळी, मोती स्वस्थ झोपलेला असताना, मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा; ते साधारण १० ते ३० असतात. मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागते. लहान कुत्र्यात ती शंभराच्या पुढे असणे नेहमीचेच. हिरड्यांचा रंग, खाल्लेले अन्न आणि वजन लिहा. शस्त्रक्रियेनंतर तोच तक्ता टाके काढेपर्यंत चालू ठेवा. मोतीचे नेहमीचे आकडे ठाऊक असतील, तर बिघाड तुमच्या लवकर ध्यानात येईल, आणि डॉक्टरांना ‘बरे दिसत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी तुम्ही नेमके काय बदलले ते सांगू शकाल.